सखल तळाची जोडबस : यंत्र, तळ व सांधा यांचा इतिहास

वाहनांचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक वाहनाची गति मोजतात, फार झालें तर त्याची लांबी मोजतात; त्याच्या तळाची जमिनीपासूनची उंची मोजणारा लेखक विरळा. वस्तुतः सार्वजनिक वाहनांत कोणास प्रवेश आहे व कोणास नाहीं हें पुष्कळ अंशीं त्या उंचीवरून ठरतें. किल्ल्याच्या दरवाजाची रुंदी मोजून आंत हत्ती जात होता कीं नाहीं हें आपण सांगतों. तोच न्याय बसच्या पायरीस लावण्यास हरकत नसावी.

मधोमध वांकणारी, दोन भागांची, आणि जिचा तळ रस्त्यापासून जेमतेम वीतदीड वीत उंच आहे अशी शहरी बस हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तिच्याविषयीं प्रचलित समज असा कीं, आधीं बस लांब झाली, लांब झाल्यावर तिला सांधा आला, आणि पुढें सुधारणेच्या ओघांत तिचा तळ खालीं आला. हा क्रम कालदृष्ट्या खरा आहे, परंतु कार्यकारणदृष्ट्या तो दिशाभूल करणारा आहे. लांबी व तळ हीं दोन निरनिराळीं कुळें आहेत. त्यांच्या मागण्या निराळ्या, मागणारे निराळे, आणि कित्येक वर्षें तीं एकमेकांच्या आड येत होतीं. त्यांचा मेळ शक्य झाला तो मुख्यतः जर्मनींतील हॅम्बुर्ग शहराच्या एका दुरुस्तीशाळेमुळें, आणि तोहि तिसऱ्याच हेतूनें केलेल्या एका फेरफारानें. हें दाखविणें एवढाच येथें उद्देश आहे.

प्रथम नांवांविषयीं. इंग्रजींत जिला आर्टिक्युलेटेड बस म्हणतात तिला लंडनच्या लोकांनीं बेंडी बस असें थट्टेचें नांव दिलें; आपल्याकडे दक्षिणेंतील शहरांत व्हेस्टिब्यूल बस हा शब्द रुळला. आम्ही येथें जोडबस हा सुटसुटीत शब्द वापरूं. तळाच्या बाबतींत 'निम्नतल' असा संस्कृत समास करतां येईल, पण 'निम्न' म्हटल्यावर हलकेंसलकें असा अर्थ मराठी कानास उगीच ऐकूं येतो. सखल हा घरचा शब्द त्यापेक्षां चांगला. राहिला सांधा. बसला ट्रेलर जोडणें व बसला सांधा देणें यांत व्याकरणाच्या विद्यार्थ्यास परिचित असा भेद आहे. दोन पदें शेजारीं येऊनहि कोणांतच विकार होत नाहीं, त्यास वैयाकरण प्रकृतिभाव म्हणतात. ट्रेलर हा तसला प्रकार. जोडबसमध्यें मात्र खरा संधि होतो : मागच्या भागास स्वतंत्र तोंड राहत नाहीं, पुढच्या भागास स्वतंत्र शेपूट राहत नाहीं, आणि दोहोंच्या मध्यें फिरती तबकडी व तिच्याभोंवतीं पेटीच्या भात्यासारखें आवरण येऊन उतारू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाऊं शकतो. कंडक्टरहि जाऊं शकतो, आणि आरंभीं या शोधाचें खरें इंगित तेंच होतें.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कांहीं वर्षें जर्मनींत बसला ट्रेलर जोडून उतारू नेण्याची चाल होती. ट्रेलरमध्यें दुसरा कंडक्टर लागे, आणि मागच्या डब्यांत काय चाललें आहे हें चालकास दिसत नसे. पश्चिम जर्मनींत १९६० सालीं उतारूंनीं भरलेला ट्रेलर बसमागें ओढण्यास कायद्यानें मनाई झाली. त्यापूर्वीं दहाएक वर्षांत उल्म येथील केसबोहरर व कासेल येथील हेन्शेल या कारखान्यांनीं जोडबस बांधण्यास सुरुवात केलीच होती. मनाईनंतर तिला आपोआप बाजार मिळाला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या सर्व खटपटींत मागणी करणारा होता तो वाहतूक चालविणारा. त्याचा प्रश्न पगाराचा होता : एका चालकाच्या पगारांत दोन गाड्यांचे उतारू कसे न्यावे? उतारूस जोडबस पाहिजे होती असें म्हणण्यास कांहीं आधार नाहीं.

अमेरिकेचा दाखला पुष्कळ ठिकाणीं दिला जातो, म्हणून त्याचा येथेंच निकाल लावूं. ओहायो राज्यांतील केंट गांवच्या ट्विन कोच या कारखान्यानें १९३८ सालीं बाल्टिमोर शहरासाठीं चार आंसांची एक लांब बस केली व तिला मधोमध सांधा दिला. परंतु तो सांधा वर-खालीं मात्र हलत असे. डावीउजवीकडे तो वळत नसे. चढउताराच्या जागीं गाडीचें पोट रस्त्यास लागूं नये एवढेंच त्याचें काम. शहरी जोडबसची सारी अडचण वळणावर आहे, आणि वळणावर या सांध्याचा कांहीं उपयोग नव्हता. तेव्हां तिला या कुळाचा मूळपुरुष म्हणणें म्हणजे नांवसाधर्म्यावरून वंशावळ लावण्यासारखें आहे. आणि हा दोष आपल्या संशोधनांत किती वेळां घडतो तें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

लांबीच्या कुळाचा खरा विस्तार झाला तो हंगेरींत. बुडापेस्टच्या शहरी बसखात्यानें १९६० च्या सुमारास आपल्याच दुरुस्तीशाळेंत मोडीत निघालेल्या इकारुस गाड्यांचे सांगाडे कापून, दोन-दोन एकत्र सांधून जोडबसा तयार केल्या. कारखान्याच्या आधीं दुरुस्तीशाळेनें हात घातल्याचा हा पहिला दाखला. दुसरा पुढें येईल. त्यानंतर इकारुस कारखान्यानें स्वतः १८० क्रमांकाची जोडबस काढली, आणि १९७३ पासून २८० क्रमांकाची. या २८० ची संख्या तीस वर्षांच्या आंत सुमारें साठ हजार झाली. साम्यवादी राष्ट्रांच्या आर्थिक संघांत मोठ्या बसा बांधण्याचें काम हंगेरीच्या वांट्यास आलें होतें; त्यामुळें मॉस्को, लेनिनग्राड, पूर्व बर्लिन, वॉर्सा, जेथें जावें तेथें हीच साडेसोळा मीटर लांबीची गाडी. एका आकाराची इतकी मोठी जोडबस-संतति दुसऱ्या कोणत्याच कारखान्याची त्या काळीं नव्हती.

आतां या गाडीचा तळ पहा. तिचें डिझेल यंत्र पुढच्या भागांत, पहिल्या व दुसऱ्या आंसांच्या मध्यें, तळाखालीं आडवें निजविलेलें असे व तें मधला आंस फिरवी. मागचा भाग नुसता ओढला जाई. रचना साधी व टिकाऊ. सांध्यावर ताण येतो तो ओढीचा, आणि ओढलेली वस्तु सरळ मागें येते हें बैलगाडीच्या मागें ओंडका बांधून नेणाऱ्यासहि ठाऊक असतें. परंतु तळाखालीं यंत्र निजविल्यावर तळ त्याच्यावरूनच जावयाचा. २८० चा तळ जमिनीपासून सुमारें ९० सेंटिमीटर उंच होता. पश्चिमेकडे मान कारखान्याच्या व स्वीडनमधील व्होल्व्होच्या जोडबसांतहि यंत्र असेंच तळाखालीं असे. म्हणजे गाडी जोडावयाची तर यंत्र मध्यें, आणि यंत्र मध्यें तर तळ वर, असा हा फांस होता. जोडबस जितकी लोकप्रिय झाली तितक्या अधिक लोकांस तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. साठी उलटल्यावर पायरीच्या उंचीचा विषय ग्रंथांवांचूनहि समजूं लागतो, हें मीं स्वानुभवानें सांगतों. पण ज्यांस एकहि पायरी चढतां येत नाहीं त्यांचा प्रश्न निराळाच आहे.

त्यांची मागणी कशी पुढें आली याचा एक दाखला विस्तारानें देण्याजोगा आहे. फ्रांकफुर्ट शहरांत १९७० नंतरच्या वर्षांत प्रौढशिक्षणाच्या संस्थेंत अपंग व धडधाकट अशा दोन्ही प्रकारच्या लोकांचा मिळून एक वर्ग चालत असे. तो चालविणारे दोघे : पत्रकार एर्न्स्ट क्ले व स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेले गुस्ती श्टायनर. १९७४ सालीं या वर्गांतील मंडळींनीं भर शहरांत ट्रामच्या मार्गावर चाकाच्या खुर्च्या उभ्या करून ट्राम अडवून धरली. म्हणणें सरळ होतें : आम्हांस हिच्यांत चढतां येत नाहीं. दयेच्या याचनेचा सूर जाऊन हक्काच्या भांडणाचा सूर जर्मनींत या प्रश्नास लागला त्याच्या अगदीं आरंभीच्या प्रसंगांपैकीं हा एक होय. हेच क्ले पुढें नाझी राजवटींत अपंगांच्या झालेल्या हत्यांचे इतिहासकार म्हणून प्रसिद्धीस आले. १९८३ सालीं निघालेला त्यांचा ग्रंथ त्या विषयावर प्रमाण मानला जातो. ज्या देशानें तीसपस्तीस वर्षांपूर्वीं ह्या लोकांस जगण्याचाच अधिकार नाकारला होता, त्या देशांत त्यांच्यापैकीं कांहीं जण ट्राममध्यें चढण्याचा अधिकार मागत होते. पायरीची उंची हा क्षुद्र विषय आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं हे दोन प्रसंग शेजारीं ठेवून पहावे.

मागणी झाली, पण बस बांधणाऱ्यांपाशीं उत्तर नव्हतें. जर्मन वाहतूक-संस्थांच्या संघानें १९६० नंतरच्या दशकांत एक आदर्श शहरी बस ठरवून दिली होती. तिची दुसरी आवृत्ति तयार करतांना, १९७० नंतरच्या दशकांत, तळ खालीं आणण्यासाठीं नमुन्याच्या गाड्यांस लहान चाकें बसवून पाहण्यांत आलीं. लहान चाकांत ब्रेकला जागा पुरत नाहीं, आणि तीं अधिक वेळां फिरत असल्यामुळें टायर लवकर झिजतात. प्रत्यक्ष विक्रीच्या गाड्या निघाल्या तेव्हां चाकें पुन्हां मोठीं झालीं आणि तळहि थोडा वर गेला. चाक लहान करून हा प्रश्न सुटणारा नव्हता. यंत्र व आंस यांची जागाच बदलणें अवश्य होतें.

येथें हॅम्बुर्गच्या दुरुस्तीशाळेचा संबंध येतो. त्या शहराच्या फाल्केनरीड नांवाच्या रस्त्यावर ट्रामकंपनीची जुनी कार्यशाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथें ट्रामचे डबे बांधले व दुरुस्त केले जात. पुढें ती हॅम्बुर्गच्या होखबान या वाहतूक-संस्थेकडे आली. शहरानें हळूहळू ट्राम बंद करण्याचें ठरविलें, आणि १९७८ च्या ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेस शेवटची ट्राम धांवली. कार्यशाळेंतील कारागिरांस लांब, सांध्याच्या, रुळावर वांकणाऱ्या डब्यांची पिढीजात संवय. आणि त्यांच्यापुढें काम आलें बसचें. या कार्यशाळेनें १९७० नंतरच्या दशकांत एक उलटी जोडबस सिद्ध केली. तिचें यंत्र मागच्या भागाच्या अगदीं शेवटीं. तें फिरवी तिसरा आंस. म्हणजे मागचा भाग पुढच्या भागास ढकलतो. डाइम्लर-बेन्झ कारखान्याची ओ ३०५ जी ही जोडबस याच तत्त्वावर निघाली.

हें करण्याचें कारण काय? अलीकडील लेखांत, सखल तळ साधावा म्हणून यंत्र मागें नेलें, असें विधान आढळतें. तें पश्चाद्बुद्धीचें आहे. ओ ३०५ जी चा तळ सखल नव्हताच; तिच्यांतहि पायऱ्या होत्या. खरें कारण साधें, कोठीखान्याचें आहे. साध्या ओ ३०५ बसचें यंत्र मागच्या टोकास होतें. जोडबसमध्यें तें मध्यें आणलें तर यंत्राची मांडणी, गियरपेटी, आंस, थंड करण्याची व्यवस्था, सारेंच निराळें होतें, आणि दुरुस्तीशाळेस दोन प्रकारचे सुटे भाग सांठवावे लागतात. मागच्या टोकाचें यंत्र मागच्या टोकासच राहूं दिलें तर दोन्ही गाड्यांस एकच भाग चालतात. ही अक्कल सुटे भाग ज्यांच्या कपाटांत सांठवावे लागतात त्यांनाच आधीं सुचावी, यांत नवल नाहीं. अपंगांची मागणी रस्त्यावर चालली होती, आणि दुरुस्तीवाले आपला खर्च वांचविण्याच्या विवंचनेंत होते; दोघांस एकमेकांची वार्ता असल्याचें दिसत नाहीं. दोघांच्या मार्गांचा छेद झाला तो काकतालीय न्यायानें.

पण ढकलण्यांत एक धोका आहे, व तो दूर करण्यांतच या कार्यशाळेचें खरें कर्तृत्व. दोरीनें ओढलेलें सरळ येतें. काठीनें ढकललेलें तिरपें पळतें. निसरड्या रस्त्यावर वळण घेतांना पुढचीं चाकें अडखळलीं आणि मागचीं जोरानें ढकलूं लागलीं, तर सांध्यापाशीं गाडीची घडी पडूं पाहते व मागचा भाग पुढच्यावर येऊन आदळतो. हिंवाळ्यांत बर्फ पडणाऱ्या शहरांत हें भय कल्पनेंतलें नव्हे. फाल्केनरीडच्या लोकांनीं सांध्यांतच यावर पहारा बसविला. सांध्याचा कोन किती आहे तो एका साधनानें मोजावयाचा, पुढचीं चाकें किती वळविलीं आहेत तें दुसऱ्यानें मोजावयाचें, आणि दोहोंचा मेळ बसेनासा झाला कीं सांध्याच्या बाजूस बसविलेल्या तेलाच्या नळकांड्यांतील वाट आंवळून सांध्यास ताठर करावयाचें. कोन हद्दीबाहेर गेला तर यंत्राचा जोरच तोडावयाचा. पूर्वीं सांधा हा नुसता बिजागरा होता. आतां तो गाडीच्या शहाणपणाची जागा झाला. आजहि अशा जोडबसांत हेंच तत्त्व आहे, मोजणीचीं साधनें तेवढीं सूक्ष्म झालीं.

यंत्र शेपटांत गेल्यामुळें पुढच्या भागाच्या तळाखालची जागा प्रथमच रिकामी झाली. ती रिकामी जागा कोणी मुद्दाम मागितली नव्हती. पण १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, जेव्हां सखल तळाची मागणी नगरपालिकांच्या कचेऱ्यांपर्यंत पोंचली, तेव्हां ती तयार सांपडली. १९८९ सालीं मान कारखान्यानें एनएल २०२ ही सखल तळाची साधी बस पुढें आणली. डाइम्लर-बेन्झची ओ ४०५ एन त्याच सुमाराची. तिचीच जोडबस म्हणजे ओ ४०५ जीएन, १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतली. तळ रस्त्यापासून सुमारें ३२ ते ३५ सेंटिमीटरवर आला. आंस मध्यें येतो त्याचें काय, असा प्रश्न साहजिक आहे. तेथें आंसाचा दांडा चाकाच्या मध्यबिंदूच्या खालून नेतात व चाकापाशीं दंतचक्रांनीं तो वर जोडतात, म्हणजे दोन चाकांच्या मधला मार्ग सखल राहतो. शिवाय गाडी हवेच्या फुग्यांवर तोललेली असल्यामुळें थांब्यावर दारांच्या बाजूची हवा थोडी सोडतां येते व गाडी त्या अंगास किंचित् लवते. रमण्याच्या उंटाला बसवितांना जें करतात तेंच हें, फक्त एका कुशीवर.

या सिद्धांतावर दोन आक्षेप येऊं शकतात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप बेल्जममधून. तेथील व्हान हूल कारखान्यानें सखल तळाची एजी ३०० ही जोडबस काढली तिच्यांत यंत्र मागें नेलेंच नाहीं. पुढच्याच भागांत, एका बाजूस, कपाटासारख्या खणांत तें उभें केलें. मधला आंसच फिरतो, आणि मागचा भाग पूर्वींसारखा ओढला जातो. तळ मागच्या टोकापर्यंत सखल राहतो, इतका कीं मागच्या दारानेंहि पायरीशिवाय चढतां येतें. ही रचना अनेक दृष्टींनीं अधिक सरळ आहे असें माझें मत आहे. पण कालक्रम पहावा. ती आली तेव्हां सखल तळाची मागणी मान्य झालेली होती, व ती डोळ्यांपुढें ठेवून केलेली ती योजना आहे. हॅम्बुर्गची योजना तशी नव्हती. आणि संख्येनें पसरली ती हॅम्बुर्गचीच.

दुसरा आक्षेप ब्राझीलमधील कुरितीबा शहराचा. त्यांनीं गाडी खालीं न आणतां थांबाच वर नेला. १९९१ सालीं तेथें नळीच्या आकाराचे उंच थांबे सुरू झाले. पैसे थांब्यांत शिरतांना द्यावयाचे व मग गाडीच्या तळाच्या पातळीवरून सरळ आंत पाऊल टाकावयाचें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं दोन सांध्यांची, तीन भागांची बस आणली. चाकाच्या खुर्चीस तेथेंहि वाट आहे. पण हा उपाय ज्या मार्गावर प्रत्येक थांबा बांधून काढला आहे तेवढ्यापुरताच. त्या मार्गाबाहेर उंच तळाची बस पुन्हां उंचच. बोगोटा शहरानें २००० सालीं व आपल्याकडे अहमदाबादनें २००९ सालीं हाच मार्ग धरला. जर्मनींत मात्र दोन्ही टोकें थोडथोडीं सरकविलीं : गाडी खालीं आली व पदपथ किंचित् वर. कासेल शहरांत १९९० नंतरच्या दशकांत थांब्यासाठीं एक खास अंतर्वक्र कडेचा दगड घडविला गेला. बसचें चाक त्याच्या कडेनें घांसत गेलें तरी टायर फाटत नाहीं व दार पदपथास अगदीं भिडून उभें राहतें. सांध्यावरचे भाते करणारा ह्यूब्नर हा कारखानाहि त्याच कासेलचा. एकाच गांवानें गाडीची कंबर व तिच्या पायाखालचा दगड, दोन्ही पुरवावीं, हा योग गंमतीचा खरा.

असो. आतां वापराकडे वळूं, आणि त्यासाठीं लंडनचें उदाहरण घेऊं. कारण दोन कुळांचें भांडण तेथें पुन्हां उफाळलें. लंडनमध्यें १९९५ च्या कायद्यानें व त्याखालील नियमांनीं सार्वजनिक वाहनें अपंगांस चढतां येतील अशीं करणें प्राप्त झालें. शहराची ओळख बनलेली रूटमास्टर ही दुमजली बस मागच्या उघड्या फलाटाची. तिच्यांत चाकाच्या खुर्चीस वाट नव्हती. ती नेहमींच्या मार्गांवरून डिसेंबर २००५ त निघाली. तत्पूर्वीं जून २००२ पासून ५०७ व ५२१ या मार्गांवर, आणि मागाहून इतर मार्गांवर, मर्सिडीज कारखान्याच्या सिटारो जातीच्या १८ मीटर लांबीच्या जोडबसा आल्या. त्यांची संख्या वाढत जवळजवळ चारशेंवर गेली. प्रत्येक गाडींत १४० च्या सुमारास उतारू मावत. तीन रुंद दारें, तीनहि दारांनीं चढण्याची मोकळीक, तळ सखल. चाकाची खुर्ची, बाबागाडी, काठी टेकीत येणारी म्हातारी, सर्वांस एकच दार.

परंतु लोकांनीं तिची निंदा केली ती लांबीसाठीं. अरुंद चौकांत ती आडवी राहून वाहतूक खोळंबवी, सायकलवाल्यांस तिची भीति वाटे, आणि तिन्ही दारें उघडीं असल्यामुळें भाडें न देतां जाणाऱ्यांची सोय झाली. त्यांत २००३ च्या डिसेंबरपासून २००४ च्या मार्चपर्यंत तीन गाड्यांस आगी लागल्या. कांहीं दिवस सर्व गाड्या बाजूस काढून त्यांत दुरुस्ती करावी लागली. २००८ सालीं महापौरपदाच्या निवडणुकींत बोरिस जॉन्सन यांनीं या गाड्या हटविण्याचें वचन दिलें व निवडून आल्यावर तें पाळलें. १० डिसेंबर २०११ या दिवशीं २०७ क्रमांकाच्या मार्गावरून शेवटची जोडबस निघाली. त्यांपैकीं कांहीं माल्टा बेटावर गेल्या; तेथें ऑगस्ट २०१३ मध्यें एकामागून एक तीन गाड्या पेटल्या, आणि तेथूनहि त्या निघाल्या.

या निकालाविषयीं माझें मत द्यावयाचें तर, लंडनचे रस्ते पाहतां लांबीविरुद्धची तक्रार निराधार नव्हती. मात्र तक्रारीच्या गदारोळांत तळाचा गुण कोणाच्या जमेस धरला गेला नाहीं. तीन दारांनीं, पायरीवांचून, रांग न मोडतां चढणारा उतारू हा निवडणुकीच्या भाषणांत दिसला नाहीं. फुकट चढणारा मात्र दिसला. तिच्या जागीं आलेल्या दुमजली गाड्याहि सखल तळाच्याच होत्या हें न्यायानें सांगितलें पाहिजे. कायद्यानें तें आतां अपरिहार्यच झालें होतें. म्हणजे लंडननें दोन कुळांची फारकत केली : तळ ठेवला, लांबी टाकली. सखल तळ हा जोडबसच्या वाढींतला एक टप्पा नसून स्वतंत्र वंश आहे याला याहून स्पष्ट पुरावा कोणता पाहिजे?

आपल्याकडे या दोहोंची गांठ उशीराच पडली. मुंबईंत ३१ मार्च १९६४ रोजीं ट्राम बंद झाल्या. त्या दशकांत बेस्टनें जी जोडगाडी चालविली ती पुढें मालमोटारीसारखें ओढयंत्र व मागें दुमजली डबा अशी होती. चालक एकीकडे व उतारू दुसरीकडे. वर सांगितलेल्या भेदानें पाहतां ती संधि नव्हे, प्रकृतिभावच. सखल तळ आला तो २००८ नंतर, केंद्र सरकारनें शहरी बसांचीं मापें ठरवून दिलीं व त्यांत सखल तळाची उंची ४०० मिलिमीटर धरली तेव्हां. आणि तो मुख्यतः साध्या, एकसंध बसांतून आला. अपंगांच्या हक्कांचे १९९५ व २०१६ चे कायदे त्यामागें होतेच. परंतु सखल गाडी येऊन उभी राहिली तरी थांब्याचा पदपथ मोडका असला किंवा गाडी थांब्यापासून हातभर दूर थांबली, तर ४०० मिलिमीटरचा आंकडा कागदावरच राहतो. कासेलचा तो दगड आपल्याकडे अद्याप रुजला नाहीं.

बुडापेस्टमध्यें शेवटच्या इकारुस २८० गाड्या २०२२ च्या अखेरीस रस्त्यावरून निघाल्या, आणि तळाखालीं यंत्र निजविण्याच्या पद्धतीचा त्या शहरापुरता शेवट झाला. मागच्या टोकाच्या यंत्राचीहि घटका भरत आली आहे. २००७ सालीं दाखविलेल्या सिटारो जातीच्या एका संकरित जोडबसमध्यें विजेचे चार लहान मोटर मधल्या व मागच्या आंसांच्या चाकांतच बसविलेले होते. ओढणेंहि तेंच व ढकलणेंहि तेंच. आतां विजेवर चालणाऱ्या जोडबसांत सांठ्याच्या बॅटऱ्या बहुतांशीं छपरावर चढल्या आहेत. हॅम्बुर्गची होखबान संस्था २०२० पासून धूर न सोडणाऱ्याच नव्या बसा मागविते. त्या गाड्यांत कोठीखान्याच्या हिशेबानें शेपटांत ठेवलेलें यंत्र उरलें नाहीं. त्या यंत्राच्या भीतीनें सांध्यांत बसविलेली तेलाचीं नळकांडीं मात्र अजून आहेत.